गिरणीवरचे डबे

मी अमेरिकेत नेमकं काय करतो हे कुणी विचारलं, की माझी आई शेवटपर्यंत एकच उत्तर देत असे, "तो तिकडे गिरणी चालवतो." ऐकणाऱ्याला कापडाची गिरणी वाटायची आणि तो आदराने मान हलवायचा. आईच्या मनात मात्र कराडला आमच्या आळीच्या तोंडाशी होती ती पिठाची गिरणी असायची. तिची चूक नव्हती, उदाहरण मीच दिलं होतं.

मी १९९१ साली न्यू जर्सीला आलो. पुढच्या वर्षी लग्नासाठी घरी गेलो तेव्हा आईने ओट्याशी उभ्या उभ्या विचारलं, "कंपनीत तू करतोस काय?" कंपनीत (नाव लिहीत नाही, आता ती तशी उरलेलीही नाही) आमच्या मजल्यावर चाळीसेक माणसं होती आणि त्या सगळ्यांत मिळून सन कंपनीचं एक मोठं मशीन. ज्याच्या त्याच्या टेबलावर टर्मिनल. एक लाइन प्रिंटर आणि दोन लेझर प्रिंटर. या मशीनची देखभाल माझ्याकडे, आणि खरं सांगायचं तर दिवसातला निम्मा वेळ त्या तीन प्रिंटरांपायी जायचा. चाळीस माणसांनी एकाच वेळी कागद मागितला तर काय होतं, हे आईला कसं सांगायचं? मग मी म्हटलं, आपण दळण टाकतो तसं.

शनिवारी मी डबा घेऊन गिरणीत जायचो. डब्यावर नाव रंगवलेलं, आत वर एक चिठ्ठी, "बारीक दळणे." डबा रांगेत ठेवायचा आणि खेळायला पळायचं. जात्यापाशी उभं राहावं लागत नसे. गिरणीवाला क्रमाने डबे घ्यायचा, चिठ्ठी बघायचा आणि दळून बाजूला ठेवायचा. बाजरीवर गहू टाकायचा नाही, हे त्याला सांगावं लागत नसे. छपाईचं हुबेहूब तसंच. तुम्ही "छाप" म्हटलंत की मशीन तुमचा मजकूर एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, बरोबर एक छोटी फाइल करतं, आणि तुम्ही आपल्या कामाला मोकळे. मजकुराची फाइल म्हणजे धान्य. दुसरी फाइल म्हणजे चिठ्ठी: कुणाचं, कोणत्या नावाचं, किती प्रती. गिरणीवाल्याच्या जागी एक प्रोग्रॅम सतत जागा असतो. त्याला लाइन प्रिंटर डीमन म्हणतात. डीमन म्हणजे भूत, आणि ते खरंच वेताळासारखं कुणालाही न दिसता राबत असतं. या सगळ्या व्यवस्थेला स्पूलिंग म्हणतात. स्पूल म्हणजे रीळ. पूर्वी छापायचा मजकूर आधी टेपच्या रिळावर उतरवून ठेवत, कारण प्रिंटर फार मंद. आयबीएमचा १९५९ सालचा प्रसिद्ध १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. माणसाला हे अफाट वाटेल, पण कॉम्प्युटरला प्रत्येक ओळीसाठी ताटकळत बसणं परवडणारं नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू गिरणीवाला." तिथून ते पक्कं झालं.

आता गिरणी बसवणं किती किचकट असतं ते थोडं सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत ते लागणार आहे. प्रत्येक प्रिंटरची कुंडली प्रिंटकॅप नावाच्या एका फाइलमध्ये लिहायची: प्रिंटर कोणत्या तारेवर आहे, त्याचे डबे कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचे, तक्रारी कुठे नोंदवायच्या, मजकूर आधी कोणत्या चाळणीतून काढायचा. कुंडली ओळभर लांब झाली की ओळीच्या शेवटी एक तिरपी रेघ मारून खाली चालू ठेवायची. त्या रेघेनंतर चुकून एक स्पेस पडली, तर पुढचं सगळं मशीनच्या लेखी अस्तित्वातच नाही. स्क्रीनवर स्पेस दिसते थोडीच! त्या एका न दिसणाऱ्या स्पेसपायी मी एक अख्खी रात्र जागलो आहे. दुसरं, डब्यांचा फोल्डर डीमनच्या मालकीचा हवा, नाहीतर गिरणीवाल्यालाच गिरणीत शिरता येत नाही. तिसरं, ठरावीक आकाराहून मोठी फाइल, आमच्याकडे सुमारे एक मेगाबाइट, मध्येच कापली जायची. ती मर्यादा हाताने शून्य लिहून उठवावी लागे. शून्य म्हणजे "कितीही", हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे. आणि नव्या प्रिंटरवर साधा मजकूर पाठवला की ओळी जिना उतरल्यासारख्या उजवीकडे सरकत पानाबाहेर जायच्या. कारण युनिक्स ओळ संपल्यावर फक्त "खाली जा" म्हणतं, "परत डावीकडे ये" म्हणत नाही. ते म्हणणारी चाळणी आपण लावायची.

या रात्रीबेरात्रीच्या खटपटीत ज्यांनी मला सोबत दिली ते अण्णा. सगळा गोतावळा त्यांना अण्णाच म्हणतो, तेव्हा इथेही तेच लिहितो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, त्याच कंपनीत सीनियर इंजिनिअर. माझा रेझ्युमे त्यांनीच आत दिला होता. पहिला महिना मी त्यांच्याच घरी राहिलो, वहिनींच्या हातचं जेवलो. आपल्या दिवाळी अंकाचं सगळं काम तेव्हा अण्णांच्या अंगावर असायचं. आधीची काही वर्षं अंक हाताने लिहून झेरॉक्स करत. १९९३ साली त्यांनी ठरवलं, की यंदा अंक छापील अक्षरांत काढायचा. पुण्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून मजकूर लावून घेतला आणि त्या पोस्टस्क्रिप्ट फाइली कुणाच्या तरी बॅगेतून फ्लॉप्यांवर इथे आल्या. देवनागरीचे फॉन्ट आतच भरलेले, त्यामुळे फाइली अगडबंब. मोठ्या फाइलींची ती मर्यादा मी उठवली होती ती यासाठीच. "संध्याकाळी सहानंतर आणि कागद स्वतःचा," या अटीवर आमच्या साहेबाने कंपनीच्या लेझर प्रिंटरवर छापायची तोंडी परवानगी दिली होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार. साडेसहाच्या सुमारास अण्णा कोट घालून माझ्या टेबलाशी आले. "चोवीस पानं टाकली आहेत रे. उद्या घेतो." आणि घरी गेले. शुक्रवारी त्यांच्या घराचं क्लोझिंग होतं, एडिसनच्या जवळ, अमेरिकेतलं त्यांचं पहिलं घर. वकील, बँक, विमा अशी त्यांची धावपळ चालू होती.

सातला पर्सोनेलमधल्या बाईंचा फोन आला. त्यांनी अर्ध्या तासापूर्वी काहीतरी छापायला पाठवलं होतं आणि ते अजून आलं नव्हतं. त्या खालच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होत्या, पंधरा मिनिटांत घ्यायला येणार होत्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. मी टर्मिनलवर रांग बघितली. त्यासाठी एलपीक्यू नावाची आज्ञा असते. कुणाचं काम कितव्या क्रमांकावर आहे, फाइलचं नाव काय, आकार किती, हे ती दाखवते, आणि ती कुणालाही देता येते. गिरणीतले डबे जसे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात तसंच. पहिलं काम अण्णांचं, चालू. त्याच्या मागे बाईंचं. फाइलच्या नावात "आरआयएफ" आणि "फायनल" असे दोन शब्द होते.

आरआयएफ म्हणजे रिडक्शन इन फोर्स. माणसं कमी करणं. इथे येऊन मला दोन वर्षं झाली होती, तेवढं इंग्रजी कळायला लागलं होतं.

प्रिंटरपाशी गेलो. इवल्याशा पडद्यावर लिहिलं होतं, "पीसी लोड ए४." पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, पेपर कॅसेट. भारतात कागद ए४, २९७ मिलिमीटर उंच. अमेरिकेत लेटर, २७९ मिलिमीटर. पुण्याच्या फाइलीने पहिल्याच आज्ञेत ए४ कागद मागितला होता आणि प्रिंटर इमाने इतबारे तो कागद कुणीतरी आणून घालेल याची वाट बघत उभा होता. मागची रांगही त्याच्याबरोबर उभी. आमच्या दिवाळी अंकाने कंपनीची कपात अर्धा तास अडवून धरली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा हसू वगैरे आलं नाही.

कंटिन्यूचं बटण दाबलं की प्रिंटर हट्ट सोडतो आणि आहे त्या कागदावर छापतो. मी दाबलं. चोवीस पानं बाहेर आली, मग बाईंची तीन. अशा प्रिंटरांतून पानं पालथी पडतात, म्हणजे गठ्ठा उचलून उलटला की क्रम बरोबर असतो. दोघांची कामं वेगळी करायला प्रत्येक कामाआधी एक बॅनरचं पान येतं, त्यावर छापणाऱ्याचं नाव ठसठशीत मोठ्या अक्षरांत. इतकं मोठं, की पान न उलटता उजेडासमोर धरलं तरी पाठीमागून वाचता येतं.

तेव्हा मला पानं उलटायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की वेगळी करताना नजर पडली. नजर पडली नाही. मी पानं उलटली आणि वाचली. एकोणीस नावं, आडनावाच्या वर्णक्रमाने. पहिल्यांदा मी माझं शोधलं. ते नव्हतं. मग अण्णांचं होतं.

एवढ्यात लिफ्टचा आवाज आला. पानं पालथी करून मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "कागदाचा आकार."

घरी येऊन बायकोला सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ती वहिनींच्याच आधाराने इथे रुळत होती. ती म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना. परवा घर घेतायत." मी म्हटलं, माझा व्हिसा या कंपनीच्या नावावर आहे. ज्याच्या हातात सगळ्यांचे डबे दिलेत त्याने झाकणं उघडायची नसतात, उघडली तर बोलायचं नसतं. आणि यादीत शेवटच्या क्षणी बदलही होतात. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती पुढे काही बोलली नाही, कूस बदलून झोपली.

गुरुवारी सकाळी अण्णा पानं न्यायला आले. पोस्टस्क्रिप्ट पानाची मापं खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजते, त्यामुळे कमी उंचीच्या कागदावर पान वरून कापलं जातं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर अंकाचं नाव होतं, त्याची शिरोरेषा आणि वरच्या वेलांट्या गेल्या होत्या. अण्णांनी एक पान डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "अरे, सगळ्यांचं डोकं उडवलंस की!"

मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "काय रे, रेझ्युमे तयार आहे ना तुझा? नेहमी तयार ठेवावा. आणि गाडीचा हप्ता किती पडतो तुला?" मला जरा रागच आला. मी कसल्या यातनेत आहे आणि हे वडीलधारेपणाने हप्ते विचारतायत. म्हटलं, "आहे तयार." ते निघून गेले.

त्या रात्री मी ऑफिसात बसून एक चाळणी लिहिली. देवनागरी अंकाची फाइल आली की आतली ए४ची मागणी काढून टाकायची आणि सुरुवातीला एक ओळ घालायची, की सगळं पान ०.९४ पट आखडून घे. २७९ भागिले २९७. दोन तासांचं काम, मी पहाटे दोनपर्यंत घासत बसलो. सांगायचं होतं ते सांगता आलं नाही, निदान शिरोरेषा तरी जागेवर आणू, असं काहीतरी डोक्यात असावं.

शुक्रवारी क्लोझिंग झालं. शनिवारी नव्या घरात वहिनींनी दूध उतू घातलं. आम्ही दोघं सामान हलवायला गेलो होतो. रिकाम्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून पोहे खाताना अण्णा मला म्हणाले, "तळघरात एक खोली आहे बरं का, स्वतंत्र दाराची. कधी लागली तर संकोच करू नका." नवीन घराचा आनंद आहे, म्हटलं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी पोह्यांकडे.

मंगळवारी सकाळी साडेसातला यादी मला रीतसर मिळाली, पाकिटात. एकोणीसच्या एकोणीस नावं तशीच. साडेआठच्या आत या सगळ्यांची खाती बंद करायची होती. पद्धत सोपी असते, पासवर्डच्या रकान्यात नावासमोर एक चांदणी टाकायची. त्यानंतर त्या माणसाला दार उघडत नाही. अण्णांच्या नावापुढे चांदणी टाकली. मग नियमाप्रमाणे रांग तपासायची, बंद खात्याचं काही पडून असेल तर एलपीआरएम नावाच्या आज्ञेने काढून टाकायचं. रांगेत अण्णांचं एक काम होतं. आदल्या रात्री टोनर संपला होता म्हणून अंकाची शेवटची अठरा पानं अडकून राहिली होती.

मी ते काढलं नाही. टोनर बदलला, काम रांगेत सगळ्यांच्या पुढे नेलं आणि छापलं. सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे "सहानंतर"ची अटही मोडली, आणि कागद कंपनीचा होता. वर बॅनरचं पान आलं, मोठ्या अक्षरांत अण्णांचं नाव. शिरोरेषा सगळ्या शाबूत. पानं माझ्या जेवणाच्या पिशवीत घातली. दहा वाजता अण्णा खोकं घेऊन सिक्युरिटीच्या माणसाबरोबर लिफ्टकडे जाताना दिसले. त्यांनी मला लांबूनच हात केला.

पुढचे सात महिने त्यांना नोकरी नव्हती. वहिनी एका दुकानात गल्ल्यावर उभ्या राहिल्या, दुसरी गाडी विकली. हप्ता मात्र एकही चुकवला नाही. अंक दिवाळीच्या कार्यक्रमाला वेळेवर निघाला, शंभर प्रती. अण्णांनी स्वतः दाराशी उभं राहून वाटल्या. नंतर त्यांना चांगली नोकरी लागली, मुलं मोठी झाली, सगळं आपल्या सगळ्यांचं होतं तसं झालं. आमच्या घरोब्यात काही उणं आलं नाही. पण त्यांच्या घरी गेलो की मला ते तीन पालथे कागद आठवायचे, आणि मी लवकर उठायचो. बायको विचारायची नाही.

माझं काम बदलत गेलं. पर्सोनेलसाठी मी वेगळा प्रिंटर बसवला, त्यांच्या गटाशिवाय कुणाला वापरता येणार नाही असा. त्या मंगळवारनंतरचं हे पहिलंच काम. डीमनची भाषा १९९० सालीच रीतसर कागदोपत्री आली होती. १९९९ मध्ये कप्स नावाची नवी व्यवस्था आली आणि हळूहळू जुने प्रिंटकॅप अडगळीत गेले. आता माझा मुलगा सोफ्यावर लोळत फोनवरून छापतो आणि तिरप्या रेघेपुढच्या स्पेसची गोष्ट सांगितली की कीव केल्यासारखं बघतो. पण रांग आतमध्ये आहेच.

या जूनमध्ये अण्णांनी ते घर विकलं. आता ते टेक्ससला मुलीजवळ राहायला जाणार. आवराआवरीला आम्ही दोघं गेलो होतो. तळघरात अण्णा आणि मी पुस्तकांची खोकी भरत होतो, त्यात १९९३चा अंक निघाला, आणि अंकात घडी घालून ठेवलेलं ते डोकं उडालेलं पहिलं पान. अण्णा हसले. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बत्तीस वर्षांनी. पानं उलटली तेसुद्धा, "नजर पडली" न म्हणता.

अण्णा बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत होते. मग म्हणाले, "त्या संध्याकाळी निघताना मीही एलपीक्यू मारली होती. माझ्या मागे काय आहे ते बघितलं होतं."

"मग?"

"मग काय? फाइलचं नाव दिसलं, आतली नावं थोडीच दिसतात? मला वाटलं तुझं असणार. सगळ्यात नवा तू, व्हिसावर तू, घरात नवी नवरी. माझं असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही. रात्री हिला म्हटलं, त्याला सांगू का? ही म्हणाली, नक्की माहीत नसताना पोराला कशाला घाबरवता. म्हणून मग ते रेझ्युमेचं आणि हप्त्याचं विचारलं. तू तर फाडकन उत्तर दिलंस."

"आणि तळघरातली खोली?"

"हीच ती," अण्णा म्हणाले. "पलंग आणून ठेवला होता तुमच्यासाठी."

वरून वहिनींची हाक आली, चहा गार होतोय म्हणून. खोक्यावर नाव घालायचं राहिलं होतं. अण्णांनी मार्करने मोठ्या अक्षरांत "पुस्तकं" लिहिलं, अंक त्यात न टाकता माझ्या हातात दिला, आणि आम्ही जिना चढलो.